लिस्बन: चढण वाहनाला, उतार पायांना

लिस्बनहून परतलेल्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, शहर छान, पण गुडघे गेले. दुसरा पुढच्या तिकिटाचे भाव बघत बसलेला असतो. दोघांनी पाहिलेल्या जागा बहुतेक त्याच असतात, फरक चालण्याच्या दिशेचा असतो. तेजु नदीच्या काठी टेकड्यांवर चढत गेलेल्या या शहरात पहिला माणूस नदीकडून किल्ल्याकडे धापा टाकत निघतो आणि दुसरा ट्राम, बस किंवा लिफ्टने वर जाऊन गल्लीगल्लीतून खाली येतो. चढण वाहनाला द्यायची आणि उतार पायांना ठेवायचा, एवढं धरून आखणी करा.

निघण्याआधी

शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो. उन्हाळ्याच्या हंगामात भेटीची वेळच मिळत नाही, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. प्रवास विमा ३०,००० युरोंचा हवा आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा. विमान पॅरिस किंवा फ्रँकफर्टला बदलणार असाल तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते, म्हणून दोन विमानांमध्ये तीन तास ठेवा. आखातातून किंवा इस्तंबूलमार्गे गेलात तर ती रांग लिस्बनला लागते आणि ती लांब असते. उतरल्या दिवशी संध्याकाळचं काही पैसे भरून ठरवू नका.

एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाऊस असतो, आणि इथला पाऊस पायांना त्रास देतो. पदपथ चुनखडीच्या पांढऱ्या आणि बसाल्टच्या काळ्या बारीक चिऱ्यांनी बांधलेले आहेत. वर्षानुवर्षांच्या चपलांनी ते घासून गुळगुळीत झालेत, ओले झाले की शेवाळल्या घाटासारखे सटकतात. नवे पांढरे स्नीकर नकोत, खाचा असलेला रबरी तळ हवा.

मुक्काम कुठे घ्यायचा याचा निर्णय सुटकेस घेते. अल्फामातली खोली फोटोत मोहक दिसते, पण टॅक्सी पायऱ्यांच्या तोंडाशी सोडते आणि पुढे वीस किलोची पेटी तुमची. बायरु आल्तु रात्री दोनपर्यंत झोपत नाही. बायशा सपाट आणि मोक्याची, पण महाग. पहिल्या खेपेला आल्मिरांत रेइश रस्त्यालगत अंजुश किंवा आरोयुश मेट्रो स्थानकाजवळ राहा: रस्ता सपाट, मेट्रोची हिरवी लाइन दाराशी, किराणा दुकानात तूरडाळही मिळते. खोलीच्या भाड्यावर माणशी रात्रीला ४ युरो पर्यटक कर लागतो, जास्तीत जास्त सात रात्रींचा. तो बऱ्याचदा हॉटेलात वेगळा मागतात, फसवणूक समजू नका.

विमानतळ आणि ते कागदी कार्ड

विमानतळ शहरातच आहे. मेट्रोची लाल लाइन थेट आतून निघते. आलामेदाला हिरवी लाइन पकडली की रोसियू किंवा बायशा-शियादु अर्ध्या तासात.

मेट्रोच्या यंत्रावर ‘नावेगांत’ नावाचं कागदी कार्ड अर्ध्या युरोला मिळतं. माणशी एक घ्यावं लागतं. एका कार्डावर नवरा-बायको दोघं जात नाहीत. आता नवख्यांची ठरलेली चूक. कार्डावर एका वेळी एकाच जातीचं तिकीट राहतं. काल २४ तासांचा पास भरला आणि आज त्यावर सुटे पैसे भरायला गेलात तर पास संपेपर्यंत यंत्र नाही म्हणतं. म्हणून ठरवून टाका. सुटे पैसे भरायच्या प्रकाराला ‘झॅपिंग’ म्हणतात. त्यात एका फेरीला पावणेदोन युरोंच्या आसपास जातात आणि त्याच कार्डावर मेट्रो, ट्राम, बस, नदीपलीकडची फेरीबोट, सिंत्राची आणि काशकाइशची लोकल सगळं चालतं. २४ तासांचा साधा पास ७ युरोंच्या आसपास आहे आणि तो मेट्रो, बस, ट्रामपुरताच. दिवसाला पाच फेऱ्या होणार असतील तरच पास परवडतो. ट्राममध्ये चालकाकडे रोख तिकीट काढलंत तर ३ युरोंच्या वर मोजावे लागतात.

यंत्रावर शेवटी एक बटण येतं आणि त्यावर लिहिलेलं असतं ‘पगार’. दचकू नका. पोर्तुगीजमध्ये पगार म्हणजे पैसे देणं. आपल्याकडे येताना शब्दाने घेणाऱ्याची बाजू धरली.

असे शब्द शहरभर भेटत राहतात. खोलीची शाव्ह म्हणजे चावी, न्हाणीघरात साबाउं आणि बाल्द, बाजारात बताता, कोव्ह आणि अनानाश, अग्निशामक दलाच्या गाडीवर ‘बोंबेइरुश’; त्यातल्याच ‘बोंबा’ या शब्दातून आपला आगीचा बंब आला. गोव्याच्या वाचकाला इग्रेझा आणि झनेला ओळखीचे वाटतील, इगर्जी आणि जनेल घरातच आहेत. दोन ठिकाणी मात्र हा गोडवा दगा देतो. ‘पेरा’ मागितलात तर नाशपाती हाती येते, पेरूला तिकडे गोयाबा म्हणतात. आणि दारावर ‘पुश’ असा उच्चार होणारा शब्द दिसला तर ढकलू नका, ओढा. ढकलायचं दार ‘एंपुर्र’ म्हणतं. रोमन एक्सचा उच्चार बहुधा श होतो, हे शाकुतीची पाटी वाचलेल्याला सांगायला नको. पुरुषाने आभार मानताना ‘ओब्रिगादु’ म्हणावं, बाईने ‘ओब्रिगादा’.

पहिली सकाळ: ग्रासापासून नदीपर्यंत

सगळे २८ नंबरच्या पिवळ्या ट्रामसाठी मार्तिम मोनिझला रांग लावतात. सकाळी दहानंतर तिथे तास जातो, बसायला जागा मिळत नाही आणि खिसेकापू हमखास असतात. ट्रामची हौस असेल तर दुसऱ्या टोकाहून, काम्पु द ओरीकहून, सकाळी नऊच्या आत बसा. नुसतं वर पोहोचायचं असेल तर मार्तिम मोनिझहूनच ७३४ नंबरची छोटी बस ग्रासाला जाते आणि तिच्यात बाजाराला निघालेल्या आज्या असतात.

ग्रासाला उतरून पाच-सात मिनिटं चाललं की सेन्योरा दु मोंत हा सज्जा येतो, शहरातल्या सर्वांत उंच जागांपैकी एक. सकाळी ऊन पाठीशी असतं, म्हणून किल्ला, नदी आणि लाल कौलं स्वच्छ दिसतात. संध्याकाळी सूर्य समोर येतो आणि गर्दीही. इथे उभं राहून पुढचा रस्ता डोळ्यांनी मोजून घ्या. इथून नदीपर्यंत जेमतेम दोन-अडीच किलोमीटर, वेळ मात्र तीन तास धरा.

उतरत ग्रासाच्या चर्चपाशी या, तिथून ‘व्होझ दु ओपेरारियु’ रस्त्याने सांव् व्हिसेंत द फोरा या मठाकडे. मंगळवार किंवा शनिवार असेल तर मठामागच्या मैदानात फेइरा दा लाद्रा भरतो. आपल्या जुन्या बाजारासारखाच: खिळे, ग्रामोफोन, लग्नाचे अनोळखी फोटो, एका पायाचं बूट. दुपारी एकनंतर लोक पथाऱ्या आवरू लागतात. सुट्या जुन्या अझुलेझु, म्हणजे निळ्या-पांढऱ्या भिंतफरश्या, इथे घेऊ नका. त्यातल्या कितीतरी कुणाच्या तरी घराच्या दर्शनी भिंतीवरून उपटलेल्या असतात. गिऱ्हाईक आहे म्हणून भिंती सोलल्या जातात. नवी हाताने रंगवलेली फरशी घ्या, मागच्या बाजूला कारखान्याची खूण असते.

बाजाराखालचा पांढरा घुमट म्हणजे राष्ट्रीय पँथिऑन. काम १६८२ साली सुरू झालं आणि १९६६ साली संपलं, म्हणून कधीच न संपणाऱ्या कामाला पोर्तुगीज आजही ‘सांता एंग्रासियाचं बांधकाम’ म्हणतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा वाक्प्रचार लगेच पाठ होतो.

पुढे एश्कोलश जेराइश या गल्लीत ट्राम दोन घरांमधून इतकी चिकटून जाते की पादचारी दाराच्या चौकटीत अंग चोरून उभे राहतात. घंटा ऐकू आली की तुम्हीही तेच करा, आणि मोबाइल धरलेला हात आत घ्या.

पोर्ताश दु सोल या सज्जावर हातात जहाज घेतलेल्या संत व्हिसेंतचा पुतळा आहे. शहराच्या चिन्हातही जहाज आणि दोन कावळे असतात. रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर बघत चला, मुलांना हा खेळ फार आवडतो. शेजारच्या सांता लुझिया चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर फरशीचित्रं आहेत. त्यातल्या एकात नदीकाठचा राजवाड्याचा चौक १७५५ च्या भूकंपाआधी कसा होता ते दिसतं. हे चित्र लक्षात ठेवा, दुपारी त्याच चौकात उभं राहायचं आहे.

इथून पायऱ्यांनी अल्फामात उतरा आणि नकाशा खिशात टाका. उंच भिंतींमध्ये जीपीएस भरकटतंच, आणि उताराने गेलं की कधीतरी नदी येतेच. अल्फामा हे नाव अरबीतून आलं, गरम पाण्याच्या झऱ्यांवरून. ११४७ साली पोर्तुगालच्या पहिल्या राजाने, अफोंसु एंरिकेशने, शहर मूर मुसलमानांकडून घेतलं तरी या गल्ल्यांची वीण तशीच राहिली. लोक इथे राहतात: डोक्यावर ओल्या चादरी, उंबऱ्यावर मांजर, खिडकीत कोपर टेकलेली बाई. ‘बों दिया’ म्हणा, मग हवा तर फोटो मागा. आधी फोटो काढून मग हसणाऱ्यांना ती रोजच बघते. उतार संपतो शाफारिश द देंत्रु या चौकात. फादो या इथल्या गाण्याचं संग्रहालय तिथेच, सांता आपोलोनियाचं मेट्रो स्थानक पाच मिनिटांवर.

भूकंपाने आखलेलं खालचं गाव

नदीच्या कडेने पश्चिमेला निघालात की टोकदार दगडांनी भरलेली एक भिंत दिसते, फणसासारखी. हे कासा दुश बिकुश, १५२३ साली बांधलेलं. बांधणारा ब्राश द आल्बुकेर्क हा गोवा जिंकणाऱ्या अफोंसु द आल्बुकेर्कचा मुलगा. आता तिथे नोबेलविजेते लेखक जुझे सारामागु यांच्या नावाची संस्था आहे आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांची रक्षा.

त्यापुढचा मोठा मोकळा चौक म्हणजे सकाळच्या फरशीवरचा तो चौक. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, लोक चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या. आधी भूकंप, मग नदीतून आलेली लाट, मग कित्येक दिवस चाललेली आग. राजाचा मंत्री असलेल्या पोंबालच्या मार्केसने मलबा उपसून बायशा नव्याने आखली: सरळ समांतर रस्ते आणि त्यांना धंद्यांची नावं, सोनार, चांदीवाले, चांभार, कापडवाले. इमारतींच्या भिंतींत लाकडी फुल्यांचा पिंजरा घातला, धक्का बसला तर भिंत डोलावी पण ढासळू नये म्हणून. तो पायापासून बघायचा असेल तर कोरेएरुश रस्त्यावर एका बँकेच्या इमारतीखाली उत्खनन आहे. वेळ आधी ठरवून, मार्गदर्शकाबरोबर, फुकट. रोमनांचे मासे खारवायचे हौदही तिथेच दिसतात.

इथून वर शियादुला चढायचं तर सांता जुश्ताच्या लोखंडी उद्वाहनासमोर, १९०२ सालच्या, तासभर उभं राहायची गरज नाही. बायशा-शियादु मेट्रो स्थानकात शिरा आणि सरकत्या जिन्यांनी शियादुच्या तोंडातून बाहेर पडा. तिकीट लागत नाही. तिथून पाच मिनिटांवर कार्मु, भूकंपात छप्पर गेलेलं आणि मुद्दाम तसंच ठेवलेलं चर्च. रविवारी बंद. किल्ल्याकडे चढायलाही फुकट लिफ्ट आहेत: एक फांकेइरुश रस्त्यावरच्या इमारतीतून, दुसरी पुढे शांव दु लोरेइरुच्या पार्किंगमधून.

३ सप्टेंबर २०२५ ला ग्लोरियाची उतारगाडी, म्हणजे केबलने उतारावर चढणारी-उतरणारी ट्राम, केबल तुटून कोसळली आणि १६ माणसं गेली. त्यानंतर बाकीच्या उतारगाड्या आणि उद्वाहनही तपासणीसाठी बंद ठेवली गेली. त्यांच्या भरवशावर दिवस आखू नका.

बेलेम, अर्धा दिवस

सगळे १५ नंबरच्या ट्रामने जातात आणि त्यात चेंगरतात. काइश दु सोद्रेहून काशकाइशच्या लोकलने या, बेलेम सात-आठ मिनिटांवर आहे. सोमवारी येऊ नका, जेरोनिमुश मठ बंद असतो, तशी बरीच सरकारी संग्रहालयंही. मठाला दोन रांगा असतात: चर्चची फुकट, आतल्या चौकाची तिकिटाची. पाटी न वाचता लांब रांगेत उभं राहणारे रोज दिसतात. चर्चमध्ये शिरताच दोन बाजूंना वास्को द गामा आणि कवी कामोंइश यांच्या कबरी आहेत. १५०१ साली सुरू झालेल्या या दगडी नक्षीचा खर्च बराचसा आफ्रिकेच्या आणि पूर्वेच्या मालावरच्या पाच टक्के करातून निघाला. कौतुक करताना एवढं ध्यानात असू द्यावं.

बेलेमचा बुरूज बाहेरून बघा. एका टेहळणी मनोऱ्याच्या तळाशी गेंड्याचं डोकं कोरलंय, वाऱ्यापाण्याने झिजलेलं. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने आल्बुकेर्कला भेट दिलेला गेंडा जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजात चढला आणि २० मेला लिस्बनला उतरला. पोर्तुगीजांनी त्याचं नाव आपल्याकडूनच उचललं, ‘गांदा’. जर्मन चित्रकार ड्यूररने न बघताच काढलेला गेंडा तो हाच.

मग पश्तेल, अंड्याच्या कस्टर्डने भरलेली कुरकुरीत वाटी. बेलेमचं १८३७ पासूनचं दुकान शोधावं लागत नाही. बाहेरची रांग बांधून नेणाऱ्यांची असते. आत शिरून मागच्या दालनांत जागा धरा. गरम असतानाच खा, वर दालचिनी आणि पिठीसाखर. गावात इतरत्र याच पदार्थाला पश्तेल द नाता म्हणतात. आत अंड्याचं पिवळं भरपूर असतं, हे न खाणाऱ्यांनी आधीच जाणावं.

पोटाची व्यवस्था

टेबलावर बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, लोणी, चीज येतं. याला कुवेर म्हणतात आणि ते फुकट नाही. नको असेल तर हात न लावता ‘नांव, ओब्रिगादु’ म्हणा. न खाल्लेल्याचे पैसे द्यायचे नसतात. ताट दोघांना पुरेल एवढं येतं, म्हणून ‘मेया दोझ’, अर्ध ताट, मागा. दुपारी साडेबारा ते तीन ‘प्रातु दु दिया’, म्हणजे त्या दिवसाचं ताट, सर्वांत स्वस्त. काउंटरशी उभं राहून प्यायलेली कॉफी बाहेरच्या खुर्चीतल्या कॉफीपेक्षा स्वस्त असते. छोटी कडक कॉफी म्हणजे बिका, दूध घातलेली ग्लासातली गालांव. चहाला तिकडे शा म्हणतात, पण नुसता ‘शा’ मागितला तर पानांचा काढाही येऊ शकतो. ‘शा प्रेतु कों लेइत’ म्हणा. आल्याची अपेक्षा ठेवू नका.

मासे खाणाऱ्या कोकणी माणसाची इथे चंगळ आहे. जून ते सप्टेंबर सार्डिन कोळशावर भाजतात आणि पावाच्या तुकड्यावर ठेवून खातात. तेल मुरलेला तो पाव सर्वांत शेवटी. बकाल्याउ म्हणजे खारवून वाळवलेला कॉड, एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवल्यावरच शिजवतात. ताज्या माशाचा भाव यादीत किलोवर लिहिलेला असतो. तोच पूर्ण माशाचा भाव समजून बिलाशी भांडणारे बरेच असतात. आधी वजन विचारा.

शाकाहाऱ्यांनी ‘मांसाशिवाय’ एवढंच म्हटलं तर सॅलडवर टूना येतो. पूर्ण वाक्य म्हणा: ‘सोउ व्हेजेतारियानु, नांव कोमु कार्न नें पेइश’, बाईने त्यात ‘व्हेजेतारियाना’ म्हणावं. काल्दु व्हेर्द या हिरव्या सारात सॉसेजची चकती असते, ती बाजूला काढली तरी चव आत उतरलेली असते. राजम्याच्या भातातही बऱ्याचदा तेच. भाज्यांचं घोटलेलं सूप, तोराडा नावाचा जाड लोण्याचा टोस्ट, साधं ऑम्लेट, ताजं चीज यांवर दिवस निघतो. कॅफेच्या काचेत ‘शामुसा’ दिसेल. तो आपला सामोसाच, गोवा आणि मोझांबिकमार्गे आलेला. पण ‘द कार्न’ असेल तर आत बहुतेक गोमांस असतं. ‘द लेगुमिश’ विचारून घ्या.

फादो ऐकायला जाताना

जागा आधी राखून ठेवा. गाणं नऊच्या सुमारास सुरू होतं, तीन-चार गाणी, मग विश्रांती, मग दुसरा गायक. दिवे मंद झाले की काटा-चमचा खाली ठेवायचा. वाढपीही थांबतात. या शांततेची अपेक्षा आपल्या बैठकीपेक्षा कडक आहे: मधेच ‘वा’ नको, दाद गाणं संपल्यावर. साथीला नाशपातीच्या आकाराची बारा तारांची पोर्तुगीज गिटार असते आणि खर्जाला साधी. जमलं तर त्या बारा तारांच्या जवळ बसा. कमी पैशांत ऐकायचं तर ‘फादु व्हादियु’ अशी पाटी बघा, तिथे शेजारपाजारचे हौशी गातात. ‘सौदाद’, म्हणजे दुरावल्याची हुरहूर, या शब्दावर प्रत्येक पर्यटन-पुस्तिका पानभर लिहिते. ते दोन गाणी ऐकल्यावर वाचा.

१२ जूनच्या रात्री संत आंतोनियुचा उत्सव असतो, खोल्यांचे भाव दुप्पट आणि गल्लोगल्ली धूर. तेव्हा मांजेरिकु नावाची कुंडी विकतात: तुळशीच्या कुळातलं बारीक पानांचं गोल झुडूप, त्यात कागदी फूल आणि चार ओळींची कविता. नाक थेट झाडाला लावायचं नाही, कोमेजतं म्हणतात. तळहात पानांवरून फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा.

थोडी सावधगिरी

रुआ आउगुश्तावर कानाशी ‘हशीश’ कुजबुजणारे भेटतील. हाती येतो तो बऱ्याचदा तमालपत्राच्या नातलग पानांचा दाबलेला लगदा. मान हलवून पुढे चला. पैसे काढायला ‘मुल्तिबांकु’ लिहिलेलं यंत्र निवडा, आणि रुपयांत हिशोब दाखवला तर नाकारून युरोच ठेवा. छोट्या खानावळींत परदेशी कार्ड चालतंच असं नाही, वीस-तीस युरो रोख असू द्या. काही चोरीला गेलं तर रेश्तोरादोरिश चौकात पर्यटकांसाठी वेगळी पोलीस चौकी आहे. विम्यासाठी तक्रारीची प्रत तिथूनच घ्या. तातडीला ११२.

शेवटच्या संध्याकाळी काइश दु सोद्रेहून काशिल्याशची फेरीबोट धरा, दहा मिनिटांची. पलीकडे उतरून मागे वळा आणि सेन्योरा दु मोंत शोधा. आठवडाभर उतरलेले सगळे रस्ते एका नजरेत दिसतात. कार्डावर थोडे पैसे उरले तर कार्ड टाकू नका. ते वर्षभर चालतं.